दोघांचं क्रियापद

प्राध्यापक ओत्मार कोसी याची सगळी कीर्ती दोन मांजरांच्या जिवावर उभी होती. आधी ती पुठ्ठ्यावर काढलेली होती, पुढे संगणकाच्या पडद्यावर आली, पण मांजरं तीच. ल्युब्लियानाच्या बालवाड्यांतून बाहेर पडलेल्या कितीतरी पोरांनी ती पाहिलेली आहेत. पडद्यावर एक मांजर यायचं, नाहीतर दोन, नाहीतर तीन. पोरानं बटण दाबायचं, आणि मागे लहानशा खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला ओत्मार, पोरानं किती वेळ घेतला ते बघून मान डोलवायचा. शेवटी पोराला बिस्किट मिळायचं. ओत्मारला प्राध्यापकपद मिळालं.

भाषा माणसाच्या डोक्यात काय उलथापालथ करते हे शोधणारे मानसशास्त्रज्ञ जगात पुष्कळ आहेत. ओत्मारनं त्यातला एकच कोपरा धरला आणि तिथे दुसऱ्या कुणाला फिरकू दिलं नाही. तो कोपरा म्हणजे द्विवचन. आपण शाळेत देवः देवौ देवाः घोकलं, परीक्षा संपल्यावर मधल्या दोघांना वाऱ्यावर सोडलं आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. ओत्मारच्या स्लोव्हेन लोकांनी मात्र ते हट्टानं सांभाळलंय. एक जातो, दोघं जातात, सगळे जातात, तिन्हींची क्रियापदं निराळी. दोघांना चुकून 'सगळे'वालं क्रियापद लावलं तर ऐकणारा मान वळवून तिसऱ्याला शोधतो.

ओत्मारचं म्हणणं असं की, जन्मभर असं बोलणाऱ्याच्या डोक्याला 'दोन' लवकर दिसतात. हे सिद्ध करायला तो सीमेपलीकडच्या त्रिएस्तला गेला, झाग्रेबला गेला, द्विवचन न बोलणाऱ्या तिथल्या पोरांनाही मांजरं दाखवली. फरक सापडला. तो इतका बारीक होता की पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता, पण सापडला. झाग्रेबच्या एका प्राध्यापकानं भर परिषदेत शंका काढली की ल्युब्लियानाची बिस्किटं जास्त चांगली असतील. ओत्मारनं पुढची सात वर्षं त्याला नमस्कार केला नाही.

एका बाबतीत मात्र द्विवचन हात टेकतं, आणि ते ओत्मारला कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. डोळे, हात, पाय, आईवडील. जे मुळातच जोडीनं असतं त्याला स्लोव्हेन माणूस द्विवचन लावायच्या भानगडीत पडत नाही, सरळ अनेकवचनात टाकतो. पाय दुखतात म्हटलं की झालं, किती ते कोण विचारणार. ओत्मारनं यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्याच्या पुस्तकातलं ते सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण, असं त्याचे विद्यार्थी खासगीत म्हणत, आणि या एका मुद्द्यावर विभागात कधी मतभेद झाले नाहीत.

वर्तमानपत्रांना मांजरांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी यातून प्रेम काढलं. दोघांसाठी वेगळं क्रियापद ठेवणारी भाषा म्हणजे प्रेमिकांचीच भाषा, असं कुणीतरी छापलं आणि ओत्मारच्या गळ्यात ते कायमचं पडलं. दर फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या सुमाराला, त्याला टीव्हीवर बोलावणं यायचं. तो लाल गालिच्यावर बसून मिलिसेकंदांबद्दल बोलायचा आणि मागे कागदी हंसांची जोडी हलत राहायची. असल्या उथळपणाचा आपल्याला तिटकारा आहे असं तो सगळ्यांना सांगत असे. जानेवारी संपत आला की केस मात्र कापून घेत असे.

त्याची बायको साविना दातांची डॉक्टर. ती कार्स्टची, म्हणजे समुद्राकडच्या त्या दगडाळ पठारावरची, आणि तिकडची बोली म्हणजे ओत्मारसारख्याच्या पोटात गोळा यावा अशी. तिथे दोघं जावोत की अख्खं गाव जावो, क्रियापद एकच. ओत्मार पूर्वेकडच्या प्रलेकियाचा. तिकडे द्विवचन इतकं कडक पाळतात की त्याची आजी कोंबड्यांना हाकलतानाही आधी मोजायची.

त्यांची ओळख झाली ती याच गोंधळातून. दोघं शिकत होते, बसथांब्यावर उभे होते, आणि साविना म्हणाली, "चला, सगळे कॉफी प्यायला जाऊ या." ओत्मारनं मागे वळून पाहिलं. मागे एक कचऱ्याचा डबा होता आणि एक कबुतर. मग तो गंभीरपणे म्हणाला, "आपण दोघं, असं म्हणायचंय का तुला?" साविनाला वाटलं, काय धीट मुलगा आहे, पहिल्याच भेटीत सांगतोय की दोघंच जाऊ. ती कानापर्यंत लाल झाली. तो व्याकरणाबद्दल बोलत होता हे तिला कॉफीघरात कळलं, पण तोवर कॉफी मागवून झाली होती.

तिनं त्याच्यासाठी द्विवचन शिकून घेतलं. पहिली काही वर्षं तो स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, एकदा तर बाळंतिणीच्या खोलीच्या दारातूनही तिला दुरुस्त करायचा. पुढे दुरुस्त करायची वेळच येईनाशी झाली. मुलगी झाली तेव्हा घर तेवढ्यापुरतं अनेकवचनात गेलं. ती मोठी होऊन नोकरीसाठी ग्राझला निघून गेली तसं पुन्हा द्विवचनात आलं. फळीवर तेलाच्या दोन बाटल्या असायच्या. त्याचं काळपट हिरवं भोपळ्याच्या बियांचं तेल, जे तो सॅलडवर, अंड्यावर आणि कुणी अडवलं नाही तर आइस्क्रीमवरही ओतायचा, आणि तिचं माहेरचं ऑलिव्हचं. संसार सुखाचा आहे असं ओत्मारचं मत होतं. साविनाचं मत त्यानं कधी विचारलं नव्हतं, कारण तिची क्रियापदं बरोबर येत होती.

यंदा टीव्हीवाल्यांच्या डोक्यात आलं की हंस बस्स झाले, प्राध्यापकांच्या घरूनच थेट प्रक्षेपण करू. झार्या नावाची हसरी निवेदिका आली, तिनं नवराबायकोला सोफ्यावर बसवलं, मग आणखी जवळ बसवलं. ओत्मारनं आपलं नेहमीचं सांगितलं. मग झार्यानं साविनाकडे माइक वळवला आणि विचारलं की या घरात दोघांचं क्रियापद कसं नांदतं. साविनानं त्या दिवशी तीन अक्कलदाढा उपटल्या होत्या. तिचे खांदे भरून आले होते.

"छान चाललंय आमचं सगळ्यांचं," ती म्हणाली. "रविवारी सगळे सूप पितो, सगळे जेवतो, मग सगळे जरा आडवे होतो."

झार्याचं हसू रुंद झालं. "सगळे? आणि हा तिसरा कोण, डॉक्टर?"

"ते यालाच विचारा," साविना म्हणाली, आणि कॉफीचे कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाववालीनं ओत्मारला न विचारताच तीन पाव बांधून दिले. एका निवृत्त मास्तरांनी वाहिनीला लिहिलं की भाषेची ही अवहेलना आपल्या पैशांतून चालली आहे. एका वर्तमानपत्रानं 'प्राध्यापकांच्या सोफ्यावर किती जण?' असा मथळा दिला. झाग्रेबच्या प्राध्यापकानं इतक्या वर्षांनी आपण होऊन संदेश पाठवला आणि साविनाच्या तब्येतीची आपुलकीनं चौकशी केली. ओत्मारनं सगळ्यांना सांगितलं की थकव्यात माणूस मूळ बोलीकडे घसरतो, हे शास्त्राला ठाऊक आहे. घरी येऊन त्यानं बायकोला मात्र काहीच विचारलं नाही. विचारलं की नमुना बिघडतो, हेही शास्त्राला ठाऊक आहे.

तो ऐकत राहिला. वर्तमानपत्र समोर धरून, बेसिनशी दात घासत, दाराआड उभं राहून. साविना आता द्विवचन वापरतच नव्हती. 'सगळे सिनेमाला जाऊ', 'सगळ्यांना उशीर झाला', 'सगळ्यांना सर्दी झालीय'. पहिले काही दिवस ओत्मारला त्यात एक शास्त्रीय गोडी वाटली. मग एकदा मोजे घालताना त्याच्या मनात आलं की आपल्याच सिद्धांताप्रमाणे, जिला 'दोघं' म्हणवत नाही तिला दोघं दिसतच नसणार. म्हणजे एकतर तिला आता आपण दिसत नाही, नाहीतर तिला आपल्याखेरीज आणखी कुणीतरी दिसतं. त्यानं दुसरा मोजाही त्याच पायात चढवला. चाळीस वर्षांत त्याच्या संशोधनानं त्याला असा त्रास कधी दिला नव्हता.

तिसरा शोधायचा तर आधी गायकवृंद. साविना मंगळवारी गायला जायची आणि तिथला संचालक बोगदान हा दाट मिशांचा, खोल आवाजाचा माणूस होता. ओत्मार तालमीला जाऊन मागच्या बाकावर बसला. बोगदाननं साविनाला उशीर झाला म्हणून सगळ्यांदेखत झाडलं, खालचा स्वर लागला नाही म्हणून पुन्हा झाडलं, आणि शेवटी ओत्मारलाच विचारलं की गाता येतं का, पुरुष कमी पडतायत. तिसऱ्याची जागा रिकामीच राहिली. घरी येताना गाडीत साविना म्हणाली की आज सगळे फार लांबून आलो. गाडीत ते दोघंच होते. ओत्मारनं आरशात मागची सीट बघून घेतली.

मार्चच्या सुरुवातीला तिनं सांगितलं की भावाची, दानिलोची, ओस्मित्सा शनिवारपासून आहे. कार्स्टवरचा शेतकरी गावच्या फाट्यावर आयव्हीची फांदी टांगतो आणि आठ-दहा दिवस आपल्याच अंगणात घरची वाइन आणि घरचं हॅम विकतो, ती ओस्मित्सा. साविना दर वर्षी एखाद्या रविवारी जाऊन यायची. आई गेल्यापासून जरा जास्त राहायची. यंदा तिनं मोठी बॅग काढली.

"परत कधी?" ओत्मारनं विचारलं.

"पिंपं रिकामी झाली की."

ती गेल्यावर त्यानं स्वतःसाठी कोबी चिरला, तेलाला हात घातला आणि थांबला. फळीवर एकच बाटली होती. ऑलिव्हची बाटली गेली होती, आणि जिथे ती उभी असायची तिथे लाकडावर एक तेलकट गोल वण तेवढा उरला होता. ओत्मारनं तो वण बोटानं पुसून पाहिला. या गोष्टीला क्रियापद नव्हतं, मोजायला बटण नव्हतं, आणि त्याच्या पुस्तकात यावर कुठलंही प्रकरण नव्हतं. तो घाबरला. कोबी तसाच टाकून त्यानं भोपळ्याच्या तेलाची एक नवी कोरी बाटली पिशवीत घातली, कारण सासुरवाडीला हात हलवत जायचं नसतं, आणि गाडी काढली.

फाट्यावर फांदी वाऱ्यानं फडफडत होती. पुढचा बोळ गाड्यांनी भरलेला, म्हणून त्यानं गाडी तिथेच लावली आणि चढ चढू लागला. बुर्या वारा समोरून असा येत होता की दोन पावलं टाकली की एक परत द्यावं लागत होतं. अंगणात पोचला तेव्हा त्याचे गुडघे बोलायला लागले होते. पिशवी गाडीतच राहिली आहे हेही त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"ये प्रोफेसर, बस," दानिलो म्हणाला आणि त्यानं समोर तेरानची, म्हणजे तिकडच्या लाल वाइनची, सुरई आपटली. "जागा करा रे त्याला. याला दोन माणसांची जागा लागते, एक याची आणि एक याच्या डोक्याची."

ओत्मार बसला. साविना आतबाहेर करत होती, एप्रन बांधलेला, हातात हॅमची ताटली, गाल वाऱ्यानं लाल. तिनं त्याला पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. तो ऐकत बसला, दुसरं काही त्याला येतच नव्हतं. बाजूला एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारा म्हणाला, "चला, सगळे निघू या," आणि म्हातारी निमूट उठली. तिनं कुणाला शोधलं नाही. त्यानं तिच्या कोटाची कॉलर वर केली, आणि ते सगळे, म्हणजे ते दोघं, गेले.

गर्दी जरा ओसरली तेव्हा साविना उकडलेली अंडी घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. त्यानं अंड्याला हात लावला नाही.

"तू मला सोडून चालली आहेस का?" त्यानं विचारलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यानं नमुना बिघडेल याची पर्वा केली नव्हती.

"हे कुणी सांगितलं तुला? क्रियापदानं?"

"तेलानं. तुझी बाटली नाहीये फळीवर."

साविनानं एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "दानिलोकडचं संपलं होतं, म्हणून आणली." आणि तिनं विचारलं, "बाटली नाही हे तुला दिसलं?"

"लगेच."

"मिलिसेकंदात?"

तो हसला नाही. त्यानं विचारलं की मग तिसरा कोण. अख्ख्या देशानं विचारलेला प्रश्न तो शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारत होता.

"तुझं द्विवचन," ती म्हणाली. "मी, तू आणि ते. झाले की नाही तीन? जेवायला आपल्यासोबत तेच, झोपायला तेच. आई गेली तेव्हाही तेच होतं. आठवतंय?"

आई गेली हे त्याला आठवत होतं. बाकी काही आठवत नव्हतं.

"दानिलोचा फोन आला. मी तुझ्या गळ्यात पडले आणि म्हणाले, आम्ही सगळे पोरके झालो. तू माझ्या पाठीवरनं हात फिरवत होतास, फार मायेनं. आणि म्हणालास, 'दोघं झालात. तू आणि दानिलो, दोघं.'" तिनं अंड्याचं कवच काढायला घेतलं. "बरोबरच होतं म्हणा ते. व्याकरणाच्या दृष्टीनं."

ओत्मारचं तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं की दुःखाच्या क्षणी ऐकणारा नकळत, वगैरे. ते ओठापर्यंत आलं आणि त्याला त्याची इतकी लाज वाटली की त्यानं सुरई उचलून सरळ तोंडाला लावली. तेरान आंबट असते. डोळ्यांत पाणी आलं त्याचं खापर त्या आंबटपणावर फोडता आलं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "फार चुकलो, साविना."

"हो," ती म्हणाली. "तेव्हापासून मी घरात जपून बोलत होते, पेशंटच्या तोंडात बोट घालताना जपते तशी. यंदा साठी झाली. कंटाळा आला जपायचा. सोडायचंच असतं तर तेव्हाच सोडलं असतं ना, आता हॅम कापायच्या दिवसांत कशाला."

"पण मग तुझ्या बोलण्यात आपण," तो अडखळला, "आपण दोघं कुठे राहिलो?"

साविनानं सोललेलं अंडं त्याच्या ताटलीत ठेवलं. "तो चढ चढून आलास तेव्हा काय दुखलं?"

"पाय."

"किती?"

त्याला उत्तर येत होतं. जगात हे उत्तर सगळ्यात तपशिलात जर कुणाला येत असेल तर त्यालाच, कारण ते प्रकरण त्यानंच लिहिलं होतं, तळटीपांसकट. अंगण, टेबलं, वारा, सगळं जागच्या जागी होतं आणि प्राध्यापक ओत्मार कोसी, अंडं हातात धरून, मुळातच जोडीनं असणाऱ्यांवरचं आपलंच प्रकरण पहिल्यांदा वाचत होता. त्यात काय लिहिलंय हे त्यानं कुणाला समजावून सांगितलं नाही. त्यानं अंडं खाल्लं, ऑलिव्हच्या तेलाबरोबर.

पाच वाजता दानिलोच्या मेहुणीनं एप्रन बांधला आणि साविना मोकळी झाली. ओत्मारला आठवलं की भोपळ्याचं तेल गाडीत पडलंय. दानिलो म्हणाला की तिथेच राहू दे, इथे माणसं जेवायला येतात. तरी साविना कोट घालून त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत निघाली. वारा आता पाठीमागून ढकलत होता. फाटकाशी येऊन ओत्मार उभा राहिला, गुडघे चोळले आणि म्हणाला, "चला, सगळे जाऊ या."

जीभ घसरली की त्यानं मुद्दाम म्हटलं, हे सांगता येणार नाही. त्याच्या मांजरांनीही सांगितलं नसतं. साविना थांबली. तिनं सावकाश मागे वळून पाहिलं. तिकडे एक रिकामं पिंप होतं आणि भिंतीच्या आडोशाला अंग फुलवून बसलेली एक कोंबडी. साविनानं ते नीट पाहून घेतलं, अगदी बसथांब्यावर कुणीतरी एकदा पाहिलं होतं तसं.

"बाकीचे येतील मागनं," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या कोटाची कॉलर वर केली. "तू चल."